संशोधनातील नोंदींचे जतन : संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधून आज्ञेद्वारे फाइल कशी तयार करावी?

आयुर्वेदीय चिकित्सकांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी शास्त्रीय पद्धतीने ठेवाव्यात, त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करावे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, याविषयी आता कोणाचे दुमत राहिलेले नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शोधप्रबंधात तर हे अनिवार्यच आहे. नोंदवही संगणकावर भरली जाते, विश्लेषणही होते, ‘पी’ची किंमत छापली जाते. परंतु या दोहोंच्या मधल्या एका टप्प्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. विश्लेषणासाठी वापरलेली माहिती आणि त्यातून मिळालेले तक्ते सॉफ्टवेअरच्या बाहेर, स्वतंत्र फाइलमध्ये, कोणालाही आणि केव्हाही वाचता येतील अशा स्वरूपात काढून ठेवणे, हा तो टप्पा होय. इंग्रजीत यास ‘एक्सपोर्ट’ म्हणतात. आपण त्यास ‘निर्यात’ म्हणू. प्रस्तुत लेखात या विषयाची प्राथमिक ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या वैद्यांनाही तो समजावा, अशी मांडणी केली आहे.

विषयाचे महत्त्व

आमच्या परिचयातील एका वैद्यांनी काही वर्षांपूर्वी संधिगत वाताच्या रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. माहिती भरली ती मर्यादित मुदतीचा परवाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. मुदत संपली आणि फाइल उघडेनाशी झाली. पुढे एका विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आकडे परत मिळाले, पण ते केवळ आकडेच होते. ‘प्रकृती’ या रकान्यात १ ते ७ असे अंक होते. त्यांपैकी ३ म्हणजे कफ की वातपित्त, हे ज्या कागदावर लिहिले होते तो कागद घर बदलताना गहाळ झाला होता. ‘अग्नी’ या रकान्याचीही तीच स्थिती. वेदनेतील उतार मोजता आला, पण तो कोणत्या प्रकृतीच्या रुग्णांत अधिक होता, हा त्या अभ्यासाचा मूळ प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. रुग्णांनी दिलेला वेळ, वैद्यांनी घेतलेले श्रम आणि शास्त्राला मिळू शकला असता तो पुरावा, हे सर्व एका साध्या फाइलअभावी व्यर्थ गेले.

दुसरे कारण असे की, जगभर आता संशोधनाची मूळ माहिती दाखविण्याचा आग्रह धरला जातो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १ जुलै २०१८ पासून चिकित्साप्रयोगांच्या लेखात माहितीच्या उपलब्धतेविषयी निवेदन देणे आवश्यक केले. १ जानेवारी २०१९ पासून रुग्णभरती सुरू होणाऱ्या प्रयोगांच्या नोंदणीतच तशी योजना नमूद करावी लागते. आपल्या देशात चिकित्साप्रयोगांची राष्ट्रीय नोंदणी, म्हणजे सी.टी.आर.आय., जुलै २००७ मध्ये सुरू झाली. आयुर्वेदीय औषधांचे प्रयोगही तेथे नोंदविले जातात. आयुर्वेदाच्या निष्कर्षांकडे आधीच संशयाने पाहणारे लोक थोडे नाहीत. ‘मूळ आकडे दाखवा’ असे कोणी म्हटल्यावर ते तत्काळ पुढे ठेवता येणे, हे त्या संशयास दिलेले सर्वांत उत्तम उत्तर होय.

पुणे परिसराला या बाबतीत चांगली परंपरा आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ साली संधिविकारांचे घरोघर सर्वेक्षण सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या योजनेचा तो भाग होता आणि पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसने ते केले. याच केंद्राच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखालील गटाने जानुसंधीच्या विकारात आयुर्वेदीय योगांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. गुडूची, शुंठी, आमलकी व शल्लकी यांवर आधारित योग, ४४० रुग्ण, चार गट आणि २४ आठवड्यांचा कालावधी असे त्याचे स्वरूप होते. तो अभ्यास २०१३ साली ‘र्‍हुमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासात एका रुग्णाच्या केवळ पाच भेटी धरल्या, तरी २,२०० ओळी होतात. त्या हाताने उतरवून घेणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

मेनू की आज्ञा?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये निर्यात दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे मेनूतून, माउसच्या साहाय्याने. दुसरी म्हणजे आज्ञा लिहून. मेनू सोपा वाटतो. परंतु मेनूत कोणते पर्याय निवडले, कोणते रकाने वगळले, याची नोंद सहसा मागे राहत नाही. तीन महिन्यांनी तीच फाइल पुन्हा तयार करावयाची झाल्यास स्मरणशक्तीवर विसंबावे लागते.

आज्ञेचे तसे नाही. ती लिखित असते. एखाद्या योगाचा पाठ लिहून ठेवावा, त्यात द्रव्ये, प्रमाण, भावना, पाककाल सर्व यावे, म्हणजे दुसरा वैद्य तोच योग तसाच सिद्ध करू शकतो. आज्ञांची फाइल ही त्या पाठासारखी आहे. नवे रुग्ण वाढले की तीच आज्ञा पुन्हा चालवावी, अद्ययावत फाइल तयार होते. परीक्षकाने विचारले की ‘साठांपैकी सत्तावन्नच रुग्ण का?’, तर कोणती ओळ कोणत्या अटीमुळे वगळली गेली, हे आज्ञेत दाखविता येते.

कोणते सॉफ्टवेअर?

आपल्या महाविद्यालयांत प्रामुख्याने चार नावे ऐकू येतात. ‘एसपीएसएस’ हे १९६८ पासूनचे, मूलतः सामाजिक शास्त्रांसाठी निर्माण झालेले. २००९ मध्ये ते आयबीएम कंपनीने घेतले. ‘स्टाटा’ हे साथरोगशास्त्रात विशेष प्रचलित. ‘एपी इन्फो’ हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ साली विनामूल्य उपलब्ध केले आणि ग्रामीण आरोग्य सर्वेक्षणांत ते जगभर वापरले गेले. चौथे ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ते निर्माण केले, त्याची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ‘आर’ विनामूल्य आहे, त्याला परवान्याची मुदत नाही आणि त्यातील सर्व काम आज्ञांनीच चालते. म्हणून येथे मुख्य उदाहरण ‘आर’चे घेतले आहे, इतरांचे वेगळेपण पुढे सांगितले आहे.

एक सूचना आधीच करणे इष्ट आहे. या लेखात आज्ञांचा उच्चार देवनागरीत दिला आहे. संगणकावर मात्र त्या रोमन लिपीतच टंकित कराव्यात. ‘आर’ लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद करते, हेही ध्यानात ठेवावे.

सीएसव्ही म्हणजे काय?

निर्यातीसाठी सर्वाधिक उपयुक्त असा फाइलचा प्रकार म्हणजे ‘सीएसव्ही’, अर्थात स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदी. ही साध्या मजकुराची फाइल असते. एक ओळ म्हणजे एक नोंद; रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम; पहिल्या ओळीत रकान्यांची नावे. या पद्धतीचे नियम २००५ साली लिखित स्वरूपात संकलित झाले, पण वापर त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. कोणतेही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर ही फाइल वाचू शकते. इतकेच नव्हे, तर कोणतेही सॉफ्टवेअर नसले तरी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वीस वर्षांनंतरही वाचता येईल अशी खात्री ज्या थोड्या प्रकारांबद्दल देता येते, त्यांत हिचा क्रम वरचा आहे.

येथे एक शंका येते. ‘औषध’ या रकान्यातच ‘गुडूची, शुंठी’ असे लिहिले असेल तर? तो स्वल्पविराम रकाना तोडील काय? यासाठी मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवण्याची पद्धत आहे. ‘आर’ हे काम आपण न सांगता करते.

‘आर’मधील आज्ञा

समजा, वारज्यातील एखाद्या चिकित्सालयात संधिगत वाताच्या ६० रुग्णांच्या प्रत्येकी चार भेटींची नोंद आहे. एकूण २४० ओळी झाल्या. रकाने असे : रुग्णक्रमांक, वय, लिंग, प्रकृती, अग्नी, भेटीचा दिनांक, वेदना (० ते १०), मात्रा. ही सारणी ‘आर’मध्ये ‘नोंदी’ या नावाने आहे असे मानू.

पहिली पायरी : फाइल कोठे तयार होणार, हे पाहावे. ‘गेटडब्ल्यूडी()’ ही आज्ञा चालू फोल्डरचे नाव सांगते; ‘सेटडब्ल्यूडी’ने ते बदलता येते. ‘फाइल तयार केली, पण सापडत नाही’ ही नवशिक्यांची नित्याची तक्रार असते आणि तिचे मूळ येथेच असते. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांमध्ये उलटी तिरकी रेघ असते; ‘आर’मध्ये मात्र सरळ तिरकी रेघ द्यावी, अथवा उलटी रेघ दोनदा लिहावी.

दुसरी पायरी : मुख्य आज्ञा.

राइट.सीएसव्ही(नोंदी, "नोंदी.सीएसव्ही", रो.नेम्स = फॉल्स, एनए = "", फाइलएन्कोडिंग = "यूटीएफ-८")

हिचे एकेक अंग पाहू.

(१) ‘नोंदी’ हे सारणीचे नाव. ते अवतरणचिन्हांत नसते. फाइलचे नाव मात्र अवतरणचिन्हांत असावे लागते.

(२) ‘रो.नेम्स = फॉल्स’ न लिहिल्यास ‘आर’ ओळींचे अनुक्रमांक हा एक बिननावाचा रकाना आपल्या मनाने प्रारंभी जोडते. ती फाइल पुन्हा वाचून पुन्हा लिहिली की आणखी एक रकाना वाढतो. ‘फॉल्स’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा.

(३) ‘एनए = ""’ याचा अर्थ, जेथे नोंदच नाही तेथे जागा रिकामी ठेवावी. हे न सांगितल्यास तेथे ‘एनए’ ही अक्षरे छापली जातात आणि दुसरे सॉफ्टवेअर अंकांचा रकाना मजकूर समजून बसण्याचा संभव असतो. चिकित्सकाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेदना शून्य असणे आणि वेदनेची नोंद नसणे, या दोन सर्वथा भिन्न अवस्था आहेत. चौथ्या भेटीस न आलेल्या रुग्णाच्या रकान्यात शून्य गेले, तर औषधाचा गुण खोटाच वाढून दिसेल.

(४) ‘फाइलएन्कोडिंग’ याचा संबंध मराठी मजकुराशी आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर ‘आर’ कोणताही प्रश्न न विचारता ती पुसून नवी लिहिते. म्हणून नावात दिनांक घालण्याची सवय ठेवावी. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक लिहिल्यास फोल्डरमध्ये फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. जुन्या फाइलच्या शेवटी नव्या ओळी जोडावयाच्या असतील, तर ‘राइट.सीएसव्ही’ चालत नाही; त्यासाठी ‘राइट.टेबल’ ही आज्ञा ‘अपेंड = ट्रू’ या पर्यायासह वापरावी.

तिसरी पायरी : विश्लेषणाचे निकाल. पडद्यावर दिसणारे तक्ते फाइलमध्ये घेण्यासाठी ‘सिंक("निकाल.टीएक्सटी")’ ही आज्ञा द्यावी. त्यानंतरचे सर्व उत्तर पडद्याऐवजी फाइलमध्ये जाते. काम संपल्यावर रिकाम्या कंसाची ‘सिंक()’ आज्ञा देऊन तो प्रवाह बंद करावा. अन्यथा पडदा मुका राहतो आणि सॉफ्टवेअर बिघडले असा समज होतो. आलेखांसाठी ‘पीएनजी’ किंवा ‘पीडीएफ’ या आज्ञेने फाइल उघडावी, आलेख काढावा आणि ‘डेव्ह.ऑफ()’ने ती बंद करावी. शेवटची आज्ञा दिल्याखेरीज आलेखाची फाइल पूर्ण होत नाही.

इतर सॉफ्टवेअरमधील पद्धती

‘स्टाटा’मध्ये ‘एक्सपोर्ट डिलिमिटेड युझिंग’ असे लिहून पुढे फाइलचे नाव द्यावे. ही आज्ञा २०१३ मधील तेराव्या आवृत्तीपासून आहे. त्यापूर्वी ‘आउटशीट’ वापरीत असत, म्हणून जुन्या पुस्तकांत ती आढळते. त्याच नावाची फाइल असल्यास ‘स्टाटा’ काम थांबवते. स्वल्पविरामानंतर ‘रिप्लेस’ असे स्पष्ट लिहिले तरच ती बदलते. ही सावधगिरी चांगली आहे.

‘एसपीएसएस’मध्ये ‘सेव्ह ट्रान्सलेट’ ही आज्ञा आहे. तिच्यासोबत ‘टाइप’मध्ये सीएसव्ही, रकान्यांची नावे यावीत म्हणून ‘फील्डनेम्स’ आणि जुनी फाइल बदलण्यासाठी ‘रिप्लेस’ द्यावे लागते. ‘फील्डनेम्स’ विसरल्यास पहिल्या ओळीत थेट आकडेच येतात.

‘एपी इन्फो’मध्ये माहितीसाठी ‘राइट’ व निकालांसाठी ‘रूटआउट’ अशा आज्ञा आहेत. ‘राइट’सोबत ‘रिप्लेस’ की ‘अपेंड’, म्हणजे बदलावयाचे की जोडावयाचे, हे सांगता येते.

अंक आणि त्यांचे अर्थ यांबाबत ही सॉफ्टवेअरे भिन्न वागतात. प्रकृतीसाठी १, २, ३ असे अंक भरून त्यांना वात, पित्त, कफ अशी नावे जोडलेली असतील, तर ‘स्टाटा’ सामान्यतः नावे लिहिते. अंक हवे असल्यास ‘नोलेबल’ असे सांगावे लागते. ‘एसपीएसएस’ याच्या उलट, सामान्यतः अंक लिहिते. नावे हवी असल्यास ‘सेल्स’ या पर्यायात ‘लेबल्स’ मागावे लागते. सीएसव्ही फाइलमध्ये या दोहोंपैकी एकच काही राहू शकते. म्हणून प्रत्येक निर्यातीसोबत एक संकेतसूची जोडणे अनिवार्य मानावे. तीत रकान्याचे नाव, त्याचा अर्थ, एकक आणि प्रत्येक संकेताचा अर्थ असावा. उदाहरणार्थ, अग्नी : १ सम, २ विषम, ३ तीक्ष्ण, ४ मंद. वर उल्लेखिलेल्या वैद्यांचे काम या एका पानावाचून अडले होते. आधुनिक वैद्यकात रक्तदाबाचे एकक जगाला ठाऊक असते. आपल्या सामता, कोष्ठ, सारता यांच्या श्रेणी मात्र ज्या त्या संशोधकाने ठरविलेल्या असतात. त्यामुळे ही सूची आपल्याकडे अधिकच आवश्यक ठरते.

देवनागरी मजकुराची अडचण

मराठीत लिहिलेल्या नोंदी निर्यात केल्यावर प्रश्नचिन्हे किंवा विचित्र चिन्हे दिसतात, असा अनेकांचा अनुभव आहे. याची कारणे दोन.

पहिले ऐतिहासिक आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या कामात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा आहे. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांसाठीचे राष्ट्रीय मानक ठरले. त्याच वर्षी आलेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. परंतु आपल्या छपाईत व कार्यालयांत दीर्घकाळ चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे स्वतंत्र फॉन्ट. त्यांपैकी अनेकांत आत रोमन अक्षरांचेच संकेत असत आणि वर केवळ देवनागरीचे रूप चढविलेले असे. अशी माहिती निर्यात केली की फॉन्टचा वेश उतरतो आणि निरर्थक रोमन अक्षरे उरतात. यावर निर्यातीच्या आज्ञेत उपाय नाही. माहिती प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी.

दुसरे कारण वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे आहे. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीने अचूक लिहिलेली असली, तरी एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडल्यास ती कोणत्या पद्धतीची आहे हे एक्सेलला उमगेलच असे नाही. अशा वेळी एक्सेलच्या ‘डेटा’ या मेनूतून मजकूर फाइल आणण्याचा पर्याय घ्यावा आणि पद्धत यूटीएफ-८ निवडावी. ‘आर’मध्ये ‘रीडर’ हे जोडसाधन घेऊन त्यातील ‘राइट_एक्सेल_सीएसव्ही’ ही आज्ञा वापरल्यास फाइलच्या प्रारंभी एक अदृश्य खूण लिहिली जाते आणि एक्सेल ती ओळखते. विंडोजवरील ‘आर’ स्वतः यूटीएफ-८ वापरू लागले ते २०२२ मधील ४.२ या आवृत्तीपासून. जुनी आवृत्ती असल्यास ती बदलून घ्यावी.

याच संदर्भात आणखी एक सूचना. नोंदी मराठीत असोत, पण अंक मात्र आंतरराष्ट्रीय चिन्हांतच भरावेत. वय देवनागरी अंकांत टंकित केल्यास संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर त्यास मजकूर समजते आणि सरासरी काढता येत नाही.

एक्सेलमध्ये उघडताना घ्यावयाची दक्षता

निर्यात अचूक झाली तरी पुढे एक्सेलमध्ये माहिती बिघडू शकते. आपल्या व्यवसायातील नित्याचे उदाहरण पाहा. मात्रेच्या रकान्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक गोळी, म्हणून आंतरराष्ट्रीय अंकांत १-१-१ असे लिहिलेले असते. एक्सेल त्यास १ जानेवारी २००१ हा दिनांक समजते! १-०-१ मात्र तसेच राहते, कारण शून्य नावाचा महिना नाही. म्हणजे एकाच रकान्यात काही मात्रा व काही दिनांक, अशी खिचडी होते. रुग्णक्रमांक ००७ असल्यास पुढील शून्ये गळून ७ उरतो. ०५/०६ हा पाच जून की सहा मे, हेही संगणकाच्या मांडणीवर अवलंबून राहते. हा दोष केवळ आपल्यालाच छळतो असे नव्हे. जनुकशास्त्रज्ञांना याच कारणाने २०२० साली काही मानवी जनुकांची नावे बदलावी लागली. ती नावे इंग्रजी महिन्यांच्या संक्षेपासारखी होती आणि एक्सेल त्यांचे दिनांक करीत असे.

उपाय सोपे आहेत. मात्रेसाठी तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. दिनांक नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावा. आणि फाइल एक्सेलमध्ये केवळ पाहावयाची असल्यास ती ‘सेव्ह’ करू नये.

फाइलच्या मर्यादेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आले की, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नव्हते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. त्यापुढील ओळी निमूटपणे गळून गेल्या. परिणामी त्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींना सूचना मिळण्यास विलंब झाला. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. आपल्या नोंदी तेवढ्या नसतात हे खरे. पण ‘फाइल तयार झाली’ म्हणजे ‘फाइल पूर्ण झाली’ असे नव्हे, हा बोध लहान अभ्यासासही लागू पडतो.

निर्यातीची परीक्षा

औषध सिद्ध झाल्यावर आपण सिद्धिलक्षणे पाहतो. तद्वत तयार झालेली फाइल पुढील कसोट्यांवर तपासावी.

(१) फाइल ‘रीड.सीएसव्ही’ या आज्ञेने पुन्हा वाचावी. रिकाम्या जागा ‘नोंद नाही’ अशाच वाचल्या जाव्यात, म्हणून ‘एनए.स्ट्रिंग्ज = ""’ हा पर्याय द्यावा.

(२) ओळी व रकाने मोजावेत. ‘डिम’ ही आज्ञा दोन्ही सांगते. आपल्या उदाहरणात २४० व ८ आले पाहिजेत.

(३) एखाद्या अंकीय रकान्याची बेरीज मूळ सारणीत व फाइलमध्ये सारखी आहे का, ते पाहावे.

(४) ‘नोंद नाही’ अशा जागांची संख्या दोन्हीकडे सारखी असावी.

(५) पहिली, शेवटची आणि मधली एखादी ओळ मूळ केसपेपरशी प्रत्यक्ष ताडून पाहावी. ही पायरी संगणकावर सोपवू नये.

या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. समाधान झाल्यावर फाइल, संकेतसूची आणि आज्ञांची फाइल, अशा तिन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्यात व त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ‘आर’मध्ये काम सुरूच राहणार असेल, तर ‘सेव्हआरडीएस’ने केलेली प्रत सोयीची असते, कारण तीत रकान्यांचे सर्व गुणधर्म जसेच्या तसे राहतात; मात्र ती मुख्यतः ‘आर’साठीच आहे. दीर्घकालीन जतनासाठी सीएसव्हीच योग्य.

रुग्णाची गोपनीयता

निर्यात केलेली फाइल हलकी असते. पेनड्राइव्हवर, ई-मेलने, मोबाइलवर क्षणात कोठेही जाते. तिचा हा गुणच दोष ठरू शकतो. रुग्णाच्या घरच्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, हा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात, आणि व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे.

म्हणून संपूर्ण सारणी कधीही निर्यात करू नये. प्रथम ‘सबसेट’ या आज्ञेने आवश्यक तेवढे रकाने निवडून वेगळी सारणी करावी आणि तीच लिहावी. नाव, दूरध्वनी, पत्ता, आधार किंवा आभा क्रमांक हे कटाक्षाने वगळावेत. जन्मदिनांकाऐवजी वय द्यावे. नाव आणि रुग्णक्रमांक यांचा मेळ दाखविणारी यादी स्वतंत्र, कुलूपबंद ठेवावी. नाव काढले म्हणजे ओळख पुसली, असेही मानू नये. वारज्यासारख्या उपनगरात एकाच गृहसंस्थेतील पाच-सहा रुग्ण एका वैद्याकडे येतात. संस्थेचे नाव, वय, व्यवसाय आणि क्वचित आढळणारा व्याधी एवढ्यावरून शेजारी रुग्ण ओळखू शकतो. अशा वेळी व्यवसाय व वस्तीचे रकानेही गाळावेत अथवा स्थूल गट करावेत. आज्ञेचा येथेही लाभ होतो : कोणते रकाने बाहेर गेले याचा लेखी पुरावा राहतो आणि नैतिक समितीपुढे तो ठेवता येतो.

तात्पर्य

निर्यात ही विश्लेषणानंतरची किरकोळ बाब नसून संशोधनाचेच अंग आहे. ती आज्ञेने करावी, म्हणजे पुनःपुन्हा तशीच करता येते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करावी, म्हणजे कोणत्याही परवान्यावर अवलंबून राहावे लागत नाही. युनिकोडमध्ये करावी, म्हणजे मराठी मराठीच राहते. संकेतसूचीसह करावी, म्हणजे अंकांना अर्थ राहतो. तपासून करावी, म्हणजे काही गळत नाही. आणि रुग्णाची ओळख वगळून करावी, म्हणजे विश्वास अबाधित राहतो.

आपल्यापैकी अनेकांकडे दहा-वीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांतील काही जुन्या संगणकांवर, जुन्या फॉन्टमध्ये, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडल्या आहेत. संगणक चालू आहे आणि संकेतांचा अर्थ ठाऊक असलेली व्यक्ती आपल्यात आहे, तोवरच त्या बाहेर काढता येतील. प्रत्येकाने या तिमाहीत निदान एका अभ्यासाच्या नोंदी वरील पद्धतीने काढून, तपासून, सूचीसह जतन कराव्यात, अशी सर्व वैद्य बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.

(लेखक बी.ए.एम.एस. असून वारजे, पुणे येथे आयुर्वेदीय चिकित्सा करतात.)